वाइंडिंगवाल्या बाई आणि काकाजींचा सेल्फ

संघमित्रा मेश्राम भिलाईतल्या रिसालीच्या नव्या घरात राहायला आली तेव्हा गल्लीत तिला कोणीच ओळखत नव्हतं, आणि ते तिला फार लागलं. सेक्टर १० च्या क्वार्टरमध्ये तिनं एकतीस वर्षं काढली होती. तिथे दूधवाल्यापासून बँकेतल्या शिपायापर्यंत सगळे तिला 'वाइंडिंगवाल्या बाई' म्हणत. स्टील प्लांटच्या इलेक्ट्रिकल रिपेअर शॉपमध्ये जळालेल्या मोटारी उघडायच्या, जुनी तार काढायची आणि नवीन तांब्याची तार वेटोळी घालून भरायची, हे तिचं काम. आयटीआय करून ती तिथे लागली तेव्हा त्या सेक्शनमध्ये दुसरी बाई नव्हती. बायका ऑफिसात बसत. वडील कवडू त्याच प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या भट्टीवर होते. मुलगी ग्रीसनं माखलेले हात घेऊन घरी येते हे पाहून ते शेजाऱ्यांना बोलावून तिचे हात दाखवत.

साठ वर्षं पूर्ण झाली, हार घातला गेला, भाषणं झाली, क्वार्टर सोडावा लागला. नवरा प्रफुल रेल्वेत मालगाडीचा गार्ड. कागदावर आता त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, घरी मात्र तो गार्डच. तो तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, त्यामुळे त्याची नोकरी अजून बाकी होती. मुलगा पुण्याला. प्रफुल ड्यूटीवर गेला की संघमित्रा घरात एकटी. पहिल्या महिन्यात तिनं सगळे पंखे उतरवून साफ केले. दुसऱ्या महिन्यात परत उतरवले.

तिसऱ्या महिन्यात गल्लीतल्या एका घराचा पाण्याचा पंप बंद पडला. दुरुस्तीवाला म्हणाला, मोटार गेली, नवीन घ्या. संघमित्रा आपल्या वरांड्यातून ऐकत होती. तिला राहवलं नाही. "मोटार नाही गेली, कॅपॅसिटर गेला. घूं घूं आवाज येऊन राहिला ना?" ती म्हणाली. आणि तेच निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या भागीरथाबाई फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. वय सत्तरच्या आसपास, ठेंगणी मूर्ती, डोक्यावर पदर. त्यांचे यजमान शालिकराम बिसेन प्लांटच्या रेल मिलमध्ये क्रेन चालवून निवृत्त झालेले. गल्ली त्यांना काकाजी म्हणायची. बिसेनांचं गाव आमगावकडचं, शेतकरी घर. इतक्या दिवसांत दोन्ही घरांमध्ये हसण्यापलीकडे काही झालं नव्हतं.

"तुमी मोटारी दुरुस्त करता म्हणतात," भागीरथाबाई म्हणाल्या.

"करत होती. आता रिटायर झाली."

"आमच्याकडे एक फटफटी हाय. जुनी, जपानी. तिचा सेल्फ लागत नाही."

"गाडीच्या मेकॅनिकले दाखवा ना काकू. मी गाड्या नाही करत."

"तिघांले दाखवली. एकानं बॅटरी बदलली. दुसऱ्यानं आनखी बॅटरी बदलली. तिसरा म्हणे, सेल्फ काढून फेका, किकनं चालवा." भागीरथाबाईंनी रस्त्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आमच्या यायच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं सांगितलं, किक मारायची नाही म्हणजे नाही. आता पोरानं रायपूरचा एक माणूस पाहून ठेवला. रविवारी गाडी पाह्याले येऊन राहिला."

"काकाजींले विकायची हाय का?"

"हो म्हटलं त्यायनं. पण तवापासून बरोबर जेवत नाही."

"अन् तुमाले?"

"त्या गाडीच्या मागच्या शिटावर मी चाळीस वर्षं बसली. मले कोणी विचारलंच नाही."

संघमित्रानं आत जाऊन मीटर घेतला. चपला पायात सरकवल्या. त्या दिवशी सोमवार होता.

गाडी अंगणात शेडखाली होती. एकोणीसशे चौऱ्याहत्तरची, दोन सिलिंडरची, काळी कुळकुळीत. प्लांटमधल्या एका इंजिनियरनं ती परदेशातून आणली होती. त्याची बदली झाली तेव्हा शालिकरामांनी ती घेतली. ज्या काळात सगळी भिलाई किक मारत होती, त्या काळात ही गाडी नुसतं बटण दाबून सुरू व्हायची. मैत्री बागेच्या प्राणिसंग्रहालयात मुलांना घेऊन गेले की लोक वाघ सोडून गाडी पाहायला येत, असं शालिकराम सांगत.

आज ते काही सांगायच्या तयारीत नव्हते. प्लॅस्टिकच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसले होते.

"बाई, कावून तकलीफ घेता?" ते म्हणाले. "तीन जण हात टेकून गेले. सगळे म्हणतात किक मारा. गुडघा स्टीलचा टाकला डॉक्टरनं. जिंदगीभर स्टील बनवलं, आता पायात घेऊन फिरून राहिलो."

"मी किक मारा म्हणत नाही काकाजी. मले फक्त पाहू द्या."

संघमित्राला कामाला लागली तेव्हाचे फोरमन दयाराम साहू आठवले. नव्या पोरांनी पाना उचलला की ते हातावर टपली मारत. "पहिली देख, फेर नाप, तेखर बाद खोल," असं छत्तीसगढीत सांगत. आधी बघ, मग मोज, मगच उघड. ही गाडी तिन्ही मेकॅनिकांनी न मोजताच उघडली होती.

तिनं चावी फिरवली, बटण दाबलं. सीटखाली 'कट्' असा आवाज आला आणि सगळं शांत.

"हेच," शालिकराम म्हणाले. "कट्. बस."

म्हणजे मोटारीला वीज जोडून देणारा रिले काम करत होता. बॅटरीवर मीटर लावून तिनं पुन्हा बटण दाबलं. काटा थोडा हलला, पण पडला नाही. बॅटरीत दम होता. मग तो दम मोटारीपर्यंत पोहोचत का नव्हता? तिनं मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसवर धरली, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि भागीरथाबाईंना म्हणाली, "काकू, दाबा बटण."

भागीरथाबाईंनी पदर खोचला आणि बटण दाबलं. आयुष्यात पहिल्यांदाच. आजवर बटण दाबायचं काम शालिकरामांचं होतं.

मीटरनं आठ व्होल्ट दाखवले.

"इथे शून्याच्या जवळ पाहिजे," संघमित्रा म्हणाली. "वीज बॅटरीतून निघते, मोटारीत जाते, अन् गाडीच्या अंगातून परत बॅटरीत येते. जायचा रस्ता ठीक हाय काकाजी. यायचा रस्ता कोणीतरी बंद केला."

बॅटरीच्या मायनसची जाड केबल चेसीला जिथे बोल्टनं घट्ट केली होती, तिथे तिनं बोट फिरवलं. गुळगुळीत, चकचकीत काळा रंग. बोल्ट काढला. खाली तोच रंग. केबलचं टोक धातूवर नाही, रंगाच्या जाड थरावर बसलं होतं.

"हा रंग कोणी दिला?"

शालिकरामांनी हाताची घडी सोडली.

"मीच दिला," ते म्हणाले. "ऑपरेशनच्या आधी सगळी खोलून भट्टीत रंग करवून आणला. म्हटलं, आपण पडून राहू तं गाडी तरी चांगली दिसली पाहिजे. तीन कोट."

भागीरथाबाई आधी तोंडावर पदर धरून हसल्या, मग पदर सोडून हसल्या. शालिकरामांना राग आला होता, पण फार वेळ टिकला नाही.

संघमित्रानं पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा घासली, धातू पांढरा चमकला, बोल्ट परत घट्ट केला. बटण दाबलं. मोटार कण्हली, अर्धा फेरा फिरली आणि थांबली.

अर्धा फेरा. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. शालिकराम खुर्चीतून उठून उभे राहिले.

"अजून काही हाय आतमध्ये," संघमित्रा म्हणाली. "आता उघडू."

प्रफुल मंगळवारी संध्याकाळी ड्यूटीवरून आला तेव्हा जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि त्यावर दुधाच्या डब्याएवढी एक मोटार उघडून ठेवलेली होती. बायको चष्मा नाकावर आणून तिच्यात डोकावत होती.

"जेवण?" त्यानं विचारलं.

"वरणभात हाय. तिकडे बसून खा."

प्लांटमध्ये तिनं भरलेल्या काही मोटारींच्या आत माणूस उभा राहील. ही तिच्या दोन हातांत मावत होती. पण आजार तोच, ओळखीचा. आतले वीज पोचवणारे कार्बनचे ठोकळे झिजून उडदाच्या डाळीएवढे उरले होते, त्यामुळे फिरणाऱ्या भागाला ते नीट टेकत नव्हते. तांब्याच्या पट्ट्यांचं कडं काळं पडलं होतं, पट्ट्यांमधल्या फटी कार्बनच्या भुकटीनं भरल्या होत्या. हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्यानं ती एकेक फट साफ करत गेली. हातांना सगळं आठवत होतं. तीन महिने नुसते पंखे पुसून ते विसरले असतील अशी तिला भीती होती.

प्रफुल ताट घेऊन दाराशी उभा होता. "तू गाणं गुणगुणून राहिली," तो म्हणाला.

"मी? नाही बा."

"मग टेबल गुणगुणत असंल."

तेवढे छोटे कार्बन पावर हाऊस भागातल्या मार्केटमध्ये कोणाकडे नव्हते. तिनं मोठ्या ड्रिल मशीनचे घेतले आणि काचेवर पॉलिश पेपर ठेवून बुधवार-गुरुवार घासत बसली. घासायचे, बसवून पाहायचे, परत घासायचे. गुरुवारी संध्याकाळी मोटारीला बॅटरीच्या दोन तारा लावल्या आणि ती टेबलावरून उडी मारते की काय अशी गरगरली. प्रफुलनं आपलं ताट वाचवलं.

शुक्रवारी सकाळी मोटार बसवली. शालिकराम अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. गाडीवर बसायला त्यांना थोडा वेळ लागला, गुडघा वाकवून पाय पलीकडे टाकायचा होता. बसले. भागीरथाबाईंनी हात जोडले, कोणाला ते त्यांनाच माहीत.

बटण दाबताच इंजिन सुरू झालं. धडधड नाही, काही नाही, शिवणयंत्र चालावं तसा एकसारखा आवाज. समोरच्या दोन घरांतून लोक बाहेर आले. शालिकरामांनी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला आणि गल्लीच्या बाहेर निघून गेले.

"अहो हेल्मेट," भागीरथाबाई म्हणाल्या. तोवर ते वळले होते.

त्या दिवशी आणि शनिवारी ते हेल्मेट घालून मरोद्यापर्यंत गेले, सेक्टर १० ला जुन्या मित्राकडे गेले, कुरुदला एका ओळखीच्याकडे काही काम नसताना गेले. प्रत्येक ठिकाणी गाडी बंद करायचे, लोकांना दाखवायला परत बटण दाबायचे. शनिवारी दुपारी कुरुदला त्यांनी पाचव्यांदा बटण दाबलं.

कट्.

गाडी छोट्या टेम्पोत घालून घरी आली. शालिकराम पुढे ड्रायव्हरशेजारी बसून आले, मान खाली घालून. मुलगा हेमराज प्लांटमधून शिफ्ट संपवून नुकताच आला होता. "पापा, अब बस करो ना," तो म्हणाला. "उद्या तो आदमी येऊन राहिला. जशी हाय तशी देऊन टाकू." तो वाईट बोलला नव्हता. बापाचं उतरलेलं तोंड त्यालाही पाहवत नव्हतं.

संघमित्रा फाटकात उभी राहून हे ऐकत होती. तिचे कान तापले होते. चूक तिची होती. दोन मेकॅनिकांना बॅटऱ्या बदलाव्या लागल्या होत्या हे तिला सोमवारीच माहीत होतं. गाडी सुरू झाली, लोक जमले, ती त्यातच खूश झाली आणि चार्जिंग मोजायचं राहून गेलं. दयाराम साहूंनी टपली मारली असती.

"हेमराज, मले संध्याकाळपर्यंत वेळ दे," ती म्हणाली. "काम अर्धंच झालं होतं. मीच पुरं केलं नाही."

तिनं स्वतःच्या घरचा चार्जर आणून बॅटरीला लावला. दोन तासांनी इंजिन सुरू केलं. बॅटरीवर मीटर. थोडं रेस केलं. बारा पूर्णांक सहा. हे कमी होतं, पण बॅटरी जेमतेम भरत होती. मग तिनं हेडलाइट लावला. अकरा पूर्णांक नऊ.

"दिवा लावला की बॅटरी उलटी खाली होऊन राहिली," ती म्हणाली. "पण काकाजी, तुमी तं दिवसा चालवली गाडी."

"दिवसाच. दिवा लावून," शालिकराम म्हणाले. "मोतीबिंदू काढल्यापासून मी दिवा बंद करत नाही. मले लोक दिसतात, पण लोकांलेही मी दिसलो पाहिजे ना. नवीन गाड्यांचे दिवेही जळूनच राहतात."

संघमित्रानं हेडलाइटची काच काढली. आत तारांचा गुंता. इंजिनाकडून येणाऱ्या तीन तारा तिनं एकेक करून हातानं माग काढत पाहिल्या. दोन जागच्या जागी जोडलेल्या होत्या. तिसरी पांढरी तार हेडलाइटच्या कोपऱ्यापर्यंत येऊन संपत होती. टोकाला काळी टेप गुंडाळलेली.

"हँडलचं बटण कधी बदललं होतं का?"

"बदललं होतं. सात-आठ वर्षं झाले. जुनं तुटलं तं दुसऱ्या गाडीचं लावलं एकानं."

ती खाली बसली आणि हसली. जमिनीवर बसून, हातात टेपची तार धरून.

"पाहा काकाजी. इंजिनाच्या पोटात तारेची वेटोळी हायत, मी प्लांटमध्ये भरत होती तशीच. गाडी चालली की तिथे वीज तयार होते. ज्यायनं ही गाडी बनवली त्यायनं हिशोब असा केला, की दिवसा अर्ध्या वेटोळ्यांची वीज पुरते. दिवा लावला की त्याच बटणानं बाकीची अर्धीही जोडली जावी. जुन्या बटणात ते होतं. नवीन बटणात ह्या तारेले जागाच नव्हती, म्हणून मेकॅनिकनं टेप लावून सोडून दिली. तुमची गाडी सात वर्षांपासून अर्ध्या पोटी चालून राहिली. अन् तुमी जेवढी काळजी घ्यायचे, दिवा लावायचे, तेवढी तिची बॅटरी संपायची."

शालिकरामांनी ती तार हातात घेतली. "रंग मी दिला. दिवा मी लावला," ते म्हणाले. "बाई, या गाडीले माह्यापासून वाचवाले पाहिजे."

हेमराज मोठ्यानं हसला आणि टॉर्च धरून तिच्याशेजारी बसला. तिनं एक दुहेरी बटण बसवलं, एका बाजूनं दिवा, दुसऱ्या बाजूनं ती पांढरी तार. पुन्हा इंजिन, पुन्हा मीटर, दिवा लावून. तेरा पूर्णांक नऊ. यावेळी ती तेवढ्यावर थांबली नाही. दिवा लावून, बंद करून, हळू, रेस करून, सगळं मोजलं. मग दहा वेळा गाडी बंद करून दहा वेळा सुरू केली. दहाव्या वेळी भागीरथाबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आता तुमी दोघं बी बसा. चहा थंडा होऊन राहिला." संघमित्रानं पहिल्यांदाच बिसेनांच्या ओट्यावर बसून चहा घेतला. भागीरथाबाई तिच्याजवळ सरकून बसल्या आणि तिच्या हाताचा काळा तळवा निरखून पाहत राहिल्या.

रविवारी दहाच्या सुमारास रायपूरचा माणूस आला. पीयूष नाव, तिशीतला, फार नम्र. आल्याबरोबर शालिकरामांच्या पाया पडला. गाडीभोवती फिरला, वाकून पाहिलं, तिचा प्रत्येक भाग कोणता नि कुठला हे त्याला माहीत होतं. हेमराजनं त्याला पाण्याचा ग्लास दिला.

"अंकल, सेल्फ तो नहीं होगा इसमें?" त्यानं विचारलं.

शालिकराम गाडीवर बसले आणि बटण दाबलं. इंजिन सुरू झालं. पीयूषच्या हातातलं पाणी थोडं सांडलं.

तेवढ्यात घरातून भागीरथाबाई बाहेर आल्या. डोक्यावर हेल्मेट, त्यावरून पदर घ्यायचा त्यांचा प्रयत्न चालला होता आणि तो जमत नव्हता. शेवटी त्यांनी पदर कमरेला खोचला, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मागच्या सीटवर बसल्या.

"बेटा, चहा पिऊन जा," त्या पीयूषला म्हणाल्या. "आम्ही जरा बाहेर जाऊन राहिलो."

"कब तक आएंगे, आंटी?"

"माहीत नाही," भागीरथाबाई म्हणाल्या, आणि गाडी निघाली.

हेमराजनं हात जोडले. "भाई, सॉरी. मलेच माहीत नव्हतं."

पीयूष रागावला नाही. तो त्या दिशेनं पाहतच राहिला होता. मग त्यानं विचारलं, "वायरिंग किसने की है?" हेमराजनं समोरच्या घराकडे बोट दाखवलं. वरांड्यात साठ वर्षांच्या एक बाई मेथी निवडत बसल्या होत्या.

पीयूषकडे रायपुरात सहा जुन्या गाड्या होत्या. रंग सगळ्यांचा नवा, सीट सगळ्यांच्या नव्या, आणि वीज एकीचीही धड नाही. त्यानं संघमित्रापुढे उकिडवं बसून प्रत्येकीचा आजार सांगितला. एकीचा हॉर्न वाजवला की दिवा विझतो. एकीची बॅटरी चढण आली की संपते. संघमित्रा मेथीची पानं तोडत ऐकत होती.

"चढण आल्यावर बॅटरी कशी संपंल?" ती म्हणाली. "चढणीवर गाडी मागे कलते, मागची कोणती तरी तार कुठेतरी टेकते. पाहून सांगन."

"आपका वर्कशॉप कहाँ है?"

संघमित्राचं वर्कशॉप तर प्लांटमध्ये होतं, आणि तिथला गेट पास तिनं जमा करून टाकला होता. आतून प्रफुल बाहेर आला. त्याला त्या दिवशी सुट्टी होती. त्यानं वरांड्यावर नजर फिरवली, मग आपल्या गुलाबाच्या आणि मोगऱ्याच्या कुंड्यांकडे पाहिलं. तेवढाच त्याचा एक शौक होता.

"यही है," तो पीयूषला म्हणाला. "अगले इतवार को ले आओ. एक बार में एक गाडी."

दुपारी त्यानं कुंड्या एकेक करून गच्चीवर नेल्या. बावीस होत्या. संघमित्रा मदतीला उठली तेव्हा त्यानं तिला बसायला सांगितलं.

आता रिसालीच्या त्या गल्लीत रविवारी एखादी तरी म्हातारी गाडी उभी असते. दुर्गहून एकाची स्कूटर आली, राजनांदगावहून एका डॉक्टरांची मोटारसायकल आली. गल्लीतल्या बायका मिक्सर घेऊन येतात, तेव्हा मिक्सर मी घेत नाही असं ती सांगते, आणि मग घेते. शालिकराम सकाळी खुर्ची घेऊन तिच्या वरांड्यात येऊन बसतात. आलेल्या माणसाला आधी तेच विचारतात, "रंग दिला होता का?" हो म्हटलं की ते संघमित्राकडे पाहून मान हलवतात, जाणकार डॉक्टरसारखे. ती मीटर उचलते आणि म्हणते, "काकाजी, आधी पाहू तं द्या."